पूल लागला की

१५ मार्च २०२०, रविवार
आज संध्याकाळपासून हॉलंडातली सगळी हॉटेलं, कॅफे बंद. एनस्खेडेच्या चौकात खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधल्यात. सायकलवरून एक चक्कर मारून आलो. ओळखीचं कुणी भेटलं नाही, पण तसं एरवीही भेटत नाही.
पू. गेल्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला माहेरी गेली ती अजून तिथेच, बलियात. परतीचं तिकीट महिनाअखेरचं. फोनवर म्हणाली, "आ जाऊँगी बाबा, तब तक भिंडी बनाना सीख लो." केली. चिकट झाली. खाल्ली.

२७ मार्च, शुक्र.
तिकीट रद्द. विमानच नाही तर तिकीट कसलं. पू. शांत होती. "दो-तीन हफ़्ते की बात है." मागून अम्मांचा, म्हणजे तिच्या आईचा आवाज, "पाहुन खाना खइलीं?" त्यांच्या भोजपुरीत जावयाला पाहुन म्हणतात. लग्नाला चार वर्षं झाली, अजून मी पाहुणाच. अम्मा एरवी एकट्या असतात, गुडघे गेलेत. लेक घरात आहे म्हणून आवाज खुललाय त्यांचा. मला बरं वाटायला हवं. वाटलं थोडं.

१२ एप्रिल, रवि.
ईस्टर. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दाराबाहेर चॉकलेटची अंडी ठेवली होती. मी जिन्यातून थँक्यू ओरडलो, त्यांना ऐकू आलं नाही.
ऑफिस आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर. काम तेच, उपग्रहाची चित्रं बघून रस्ते, शेतं, पाणी ओळखायचं आणि नकाशात भरायचं. कामाला बसण्याआधी पू.चं गाव उघडून बघतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, मी तर आभाळातून बघतो.
नवका टोला, म्हणजे नवी वाडी. वर घाघरा, खाली गंगा, मधली चिंचोळी पट्टी म्हणजे बलिया जिल्हा. पार पूर्वेला दोघी भेटतात. टोला जिल्ह्यातलाच, पण गंगेच्या पलीकडच्या काठाला, कारण गंगा तिकडे स्वस्थ बसत नाही, कूस बदलत राहते. पू.च्या आजोबांचं गाव तिनेच पोटात घातलं, मग लोकांनी मागे सरकून हा नवा टोला वसवला. सगळा दियारा, म्हणजे नदीने सोडलेली वाळू नि गाळ. तोंडल्यासारखं परवल, कलिंगड, गहू सोन्यासारखं पिकतं, आणि डांबरी रस्ता नाही.
चार वर्षांपूर्वी आमच्या लग्नाला गेलो होतो, तेही फेब्रुवारीतच. स्टेशनावरून टेम्पो, मग घाट, मग लोखंडी पिप्यांवर फळ्या टाकलेला तरंगता पूल, मग वाळूतून कुणाच्या तरी मोटरसायकलवर. आई पुलावर पूर्ण वेळ डोळे मिटून होती. उतरल्यावर म्हणाली, "मुलगी छान आहे, पण पत्ता अवघड आहे."

९ मे, शनि.
बाजार बंद म्हणून तिकडे परवल म्हशींना घालतायत. शाळा बंद म्हणून पू. ओसरीत टोल्यातल्या मुलींना भूगोल शिकवते. दहावीच्या आहेत काही. शेणाने सारवलेल्या अंगणात खडूने दोन नद्या काढून त्यावर मुलींना उभं करते. "तुम घाघरा, तुम गंगा, चलो अब मिलो।" सांगताना हसत सुटली होती.
इथे तीन वर्षं नोकरी शोधत होती. डच शिका म्हणाले, शिकली. मग म्हणाले, इथला अनुभव नाही. शेवटी गोदामात पार्सलं लावायची, पहाटेची पाळी. पुण्यात एम.एस्सी.ला वर्गात पहिली यायची ही, मी तिसरा. तिचा असा आवाज मी इथे कधी ऐकला नाही.
हे लिहायला नको होतं. असो.

३१ मे, रवि.
आईचा फोन. "अरे, माहेरपण किती दिवसांचं असतं? बोलावून घे."
"विमानं बंद आहेत आई."
"चालू झाली की बोलाव. घर खायला उठतं बाईमाणूस नसलं की."
उठतंच. पण ते आईला कबूल करण्यात अर्थ नाही, ती इचलकरंजीहून लोणची पाठवायला लागेल.

१३ जून, शनि.
मिळालं! दिल्लीहून ॲमस्टरडॅमला विमान, इथे राहणाऱ्यांना घेऊन येणारं. पुढच्या शुक्रवारचं. रस्ता मीच आखला. बनारसहून वाळूत चालणारी जीप थेट दारात येणार, पूल ओलांडून, मग परत बनारस, तिथून दिल्लीचं विमान. ड्रायव्हरला नकाशा पाठवला. त्यातला पुलावरचा रस्ता माझ्याच हातचा, मागच्या वर्षी फावल्या वेळात फेब्रुवारीच्या चित्रांवरून भरलेला. पू.ला सगळं समजावून सांगितलं. ती "हाँ, हाँ, ठीक है" म्हणत होती. घर झाडलं. तिच्या बाजूची उशी उन्हात टाकली.

१७ जून, बुध.
हात दाखवून अवलक्षण.
ड्रायव्हरचा दुपारी घाटावरून फोन. "साहब, पुल कहाँ है? यहाँ तो पानी है।" पूल नाही! पावसाळ्याआधी पूल काढतात. दर वर्षी. पिपे सुटे करून काठाला बांधून ठेवतात, पाणी ओसरलं की हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावतात. मधले महिने नावेने ये-जा. आणि आज पुरवा, म्हणजे पूर्वेचा वारा इतका की नावाही सुटल्या नाहीत. ड्रायव्हर अंधार पडायच्या आत परत गेला. उद्या पहाटेचं दिल्लीचं विमान हुकलं, दुसरं मिळत नाही, म्हणजे शुक्रवारचंही गेलं.
लहानपणी नावेने शाळेत जायच्या गोष्टी तिने मला किती वेळा सांगितल्यात. मला वाटायचं, त्या पूल होण्याआधीच्या. फेब्रुवारीचं चित्र बघून मी बारमाही रस्ता काढून मोकळा झालो. रोज सकाळी घर बघतो, घाटाकडे नजर नाही गेली. पगार याच कामाचा घेतो.

१८ जून, गुरु.
पू.शी बोललो.
"मुझे तो मालूम था, पुल हट गया है।"
"मग बोलली का नाहीस?" मराठीतच विचारलं. तिला कळतं सगळं.
"तुम इतने भरोसे से बता रहे थे।"
मग म्हणाली, अम्मा हाक मारतायत. ऐकू तर आली नाही हाक.
आज काम केलं नाही. तिला यायचंच नसेल का? प्रश्न लिहून काढला की हलका होईल असं वाटलं होतं. होत नाही.

२ ऑगस्ट, रवि.
गेले कित्येक आठवडे टोल्यावर ढगच ढग. चित्र उघडलं की कापूस. नदी चढलीय, काठ कापतेय, असं ती सांगते. त्यांच्या घरापासून लांब आहे म्हणते. किती लांब ते मला दिसत नाही.
पू.शी बोलणं रोज होतं. काय जेवलास, काय जेवलीस. सत्तू. पास्ता. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून जेवतो मी आताशा.

२२ ऑगस्ट, शनि.
गणपती बसवला. माती हस्तकलेच्या दुकानातली, सोंड दोनदा पडली. एकट्याने आरती म्हणताना आपलाच आवाज फार मोठा वाटतो. मध्येच थांबलो. मग वाटलं, देवासमोर अर्धवट सोडणं बरं नाही, म्हणून उरलेली पुटपुटलो.

४ ऑक्टो., रवि.
विमानं आता मिळतात. मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. विषय मी काढला.
"पुल लग जाए, फिर देखते हैं। अम्मा को नाव से घाट तक कौन लाएगा-छोड़ेगा?"
अम्मांना कशाला आणायचं-सोडायचं? यायचं तर हिला आहे. विचारलं नाही. भांडण झालं तर दुसऱ्या दिवसापर्यंत बोलायला कुणी नाही, ही माझी आताची हिंमत.

२० नोव्हें., शुक्र.
छठ, तिकडचं सूर्याचं मोठं व्रत. अम्मा इतकी वर्षं करत आल्या, आता गुडघ्यांमुळे पाण्यात उभं राहवत नाही. पू. परवा म्हणाली होती, "इस बार मैंने उठा ली है।" मी म्हटलं, वा, छान.
आज तिच्या चुलतभावाने व्हिडिओ पाठवला. गंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभी, हातात सूप, त्यात ऊस, केळी, गव्हाचा गोड ठेकुआ. नाकापासून भांगापर्यंत शेंदूर. मागे काठावर अम्मा खुर्चीत, आणि भूगोलवाल्या मुली गात होत्या. मावळत्या सूर्याकडे बघणारा तो चेहरा माझ्या ओळखीचा होता नि नव्हताही. छत्तीस तासांचा निर्जळी उपास. मला संकष्टीला दुपारी चारला चक्कर येते. अभिमान वाटला. खूप.

२८ नोव्हें., शनि.
झाजींबरोबर कालव्याकाठी फिरलो, नियमाप्रमाणे अंतर ठेवून. हे बिहारातल्या दरभंग्याचे, इथल्या विद्यापीठात असतात. व्हिडिओ दाखवला. त्यांनी आदराने फोनला हात जोडले. मग म्हणाले, "माँ से उठाया है? तब तो अब हर साल।"
"हर साल म्हणजे?"
"जब तक आगे किसी बहू-बेटी को न सौंप दें। बीच में छोड़ते नहीं हैं।"
मला वाटलं होतं, आईला बरं नाही म्हणून एका वर्षापुरतं. आपल्याकडे सोळा सोमवार करतात, उद्यापन केलं की सुटलो. हे तसं नाही. चार वर्षांच्या संसारात हे मला तिसऱ्या माणसाकडून कळावं.
झाजींना माझा चेहरा दिसला असावा. "अरे, कहीं भी हो सकता है। मेरी पत्नी इसी नहर में करती हैं। पानी बहुत ठंडा होता है, बस।"
घरी येऊन पू.ला हे सांगितलं, उत्साहाने. तिने विचारलं,
"वहाँ गाएगा कौन?"
"मी."
हसली. खरंच हसली. पण हो म्हणाली नाही.

१३ डिसें., रवि.
पूल लागला. सकाळी नव्या चित्रात दिसला, पाण्यावर पांढरी बारीक रेघ. याची मी वाट बघत होतो आणि दिसल्यावर चित्र बंद करून टाकलं. आता सबब राहिली नाही, तिलाही आणि मलाही.
फोन केला. "पूल लागला."
"हाँ। कल हम लोग परवल की बेल लेने उस पार गए थे।"
परवल लावायचे म्हणजे उन्हाळ्यात खायचे. मी हवापाण्याबद्दल बोललो.

२६ जाने. २०२१, मंगळ.
इथे आता नऊनंतर संचारबंदी. मला काय फरक पडतो.
दुपारी गेमेन्टेतून फोन. नगरपालिकेच्या बाई, सौम्य बोलणं, माझ्या डचला सांभाळून घेत हळूहळू. इतके महिने देशाबाहेर राहिलं तर नोंद काढावी लागते म्हणाल्या. "तुमच्या पत्त्यावर दोघंजण राहतात की एकच?" मी म्हणालो, दोघं. मग म्हणालो, सध्या एक. बाई म्हणाल्या, "त्या परत येणार आहेत का?" इतक्या साध्या शब्दांत मी स्वतः कधी विचारलं नव्हतं. बोलून कळवतो म्हणालो. त्या म्हणाल्या, सावकाश, पुढच्या महिन्यात फोन करते.

७ फेब्रु., रवि.
बर्फाचं वादळ. रस्ता, फुटपाथ, कालव्याचा काठ, सगळं एकसारखं पांढरं. शेजारची मुलं स्लेजवर. खिडकीतून तासभर बघितलं. तिला फोटो पाठवला. तिने मुलींचा पाठवला, सराव परीक्षेचे पेपर हातात धरून रांगेत उभ्या. सगळ्या कॅमेऱ्याकडे बघतायत, पू. त्यांच्याकडे.

१३ फेब्रु., शनि.
आज विचारलंच. गेमेन्टेचं निमित्त करून. "येणार आहेस का?"
रागावली नाही. म्हणाली, इथे मी सकाळी उठते तेव्हा कुणाला तरी माझी गरज असते, तिथे फक्त तुला होती, आणि तुला ती जेवायच्या वेळेला आठवायची. खरं आहे ते. मला रडू आलं. कॅमेरा बंद होता. मी म्हणालो, मला तुझ्याशिवाय इथे करमत नाही, एक दिवसही नाही. हे मी आधी कधी बोललो नव्हतो. तिनेही मग नाक ओढलं.
अम्मा मागे कुणाला तरी चहाला बोलावत होत्या. मग पू. हळूच म्हणाली, "साल भर से तुम्हारा दफ़्तर घर की मेज़ पर चल रहा है। मेरे आने का रास्ता तुमने कितनी बार निकाला। अपने आने का कभी निकाला?"
टोल्यात नुकताच टॉवर लागलाय, चुलतभाऊ त्यावर सिनेमे बघतो, हे तिनेच मला सांगितलं होतं. ऑफिसने कुठूनही काम करायची परवानगी उन्हाळ्यापर्यंत वाढवलीय, हे मी तिला सांगितलेलं नाही.
"सुन रहे हो?"
मी म्हणालो, आवाज तुटतोय, उद्या बोलू.
आवाज अजिबात तुटत नव्हता. आणि तिलाही ते कळलं असणार.