जाळीच्या आतलं पान

चाकण मुक्कामी चिमाजीराव यांस,

चिखलीहून तुमच्या दाजीचा रामराम. गुडघा काय म्हणतोय? चाळीतला कांदा टिकला का? मी इकडे खुशाल आहे, निदान बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटतं. इतक्या वर्षांनी हे पत्र कशाला आणि फोन का नाही, असं म्हणाल. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत भडकता. पत्रावर भडकायचं तर ते आधी वाचावं लागतं. म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या कंपनीच्या बसवाल्याच्या हाती देतोय.

तर मी मांजर पाळलंय. हसू नका. तुमची शालनताई गेल्यापासून मी फ्लॅटमध्ये एकटाच बोलत असतो, असं वॉचमनने तनुजाला सांगितलं (त्या मेल्याला गेटवर बसून चौथ्या मजल्यावरचं कसं ऐकू येतं, देव जाणे). झालं! पोरगी पिंपळे गुरवहून तडक आली आणि मला बेवारस मांजरांच्या निवाऱ्यात घेऊन गेली. मला वाटलं, पिशवीत घालायचं नि आणायचं. कुठलं काय राव! चार पानी फॉर्म. घरात माणसं किती? मी सवयीने 'दोन' लिहून गेलो. मग म्हणे, मांजराकडची माणसं घर बघायला येणार. अगदी आपल्याकडे स्थळ बघायला येतात तसं. मी कांदेपोहे केले, तनुजाने पडदे बदलले. दीक्षा नावाची मुलगी आली. खिडक्या बघितल्या, मला कामधंदा विचारला (रिटायर आहे म्हटल्यावर खूश झाली, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी झालं) आणि अट घातली की मांजर घराबाहेर सोडायचं नाही, गॅलरीला वरपासून खालपर्यंत जाळी मारायची. मारली. जाताना म्हणाली, 'काका, दुसरं माणूस दिसलं नाही?' माझ्या तोंडून निघालं, 'आत आहे.'

मांजर आलं. मादी, करडी, पोक्त, एका कानाचं टोक कापलेलं (ऑपरेशन झाल्याची खूण असते म्हणे). आल्या आल्या तिने सगळं घर हुंगलं, स्वयंपाकघराच्या दारात बसली आणि ओट्यासमोर, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर बघत राहिली. माझ्या उंचीवर नाही हो, चांगलं वीतभर खाली. शालन केवढी होती ते तुम्हाला सांगायला नको. रोज दुपारी चार वाजले की ती तिथेच जाऊन बसते, मान वर करते आणि डोळे बारीक करते, कुणी कानामागे खाजवावं तसे. दोनदा मी मुद्दाम त्या जागेतून चालत गेलो. काही नाही. जरा गार लागलं, तर म्हटलं फ्रीज उघडा राहिला असेल. फ्रीज बंद होता. हल्ली मी चारला दोन कप चहा टाकतो. एक निवतो, तर निवू दे.

परवा अविधवा नवमी झाली. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान, म्हणून सगळं साग्रसंगीत केलं: खीर, वडे, भोपळ्याची भाजी. गॅलरीत पान ठेवलं आणि काव काव करून हाका मारायला लागलो. कावळे आले की! सात-आठ आले, जाळीवर बाहेरून बसले आणि माझ्याकडे बघायला लागले. जाळी मारताना हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. कात्री शोधली, मिळेना. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावरही कावळा शिवला नव्हता. शेवटी दर्भाचा करावा लागला, तुम्ही लांब उभं राहून बघितलंत. आताही तेच होणार म्हणून मी हातानेच जाळी ओढायला लागलो. तेवढ्यात मांजर आली आणि पानापुढे बसली. खाल्लं नाही. माझ्याकडेही नाही, माझ्या शेजारी बघत राहिली, तेच वीतभर खाली. कावळेही गप्प. भरदुपारी एवढी शांतता चिखलीत मी कधी ऐकली नाही, शेजारच्या वर्कशॉपचं मशीनसुद्धा बंद. मी हात जोडून सुरू केलं: तनुजाला अंतर देणार नाही, बीपीची गोळी चुकवणार नाही, तुझ्या जावेशी गोड बोलेन (हे फार जड गेलं). मांजराची मिशीसुद्धा हलेना. शेवटी म्हणालो, चिमाजीला जेवायला बोलावीन. आणि पुढे मला बोलवेना. मांजराने मान खाली घातली आणि खीर चाटायला लागली. कावळे एकदम उडून गेले.

तेव्हा सर्वपित्रीला जेवायला या. तनुजाच्या लग्नपत्रिकेत आशीर्वाद म्हणून सोळा पुढाऱ्यांची नावं छापली आणि सख्ख्या मामाचं राहिलं, ते शालनने नाही, मी गाळलं होतं. सतरावा पुढारी बसवायचा होता, तोही शेवटी बसला नाहीच.

तुमचा,
उद्धव

ता.क. : दीक्षाला फोन करून हे सगळं सांगितलं. हसली. म्हणाली, काका, नव्या घरात मांजर बावरलेलं असतं, माणूस डोक्यावर उभं राहून बडबडत असलं की पानाला तोंड लावत नाही. तुम्ही गप्प झालात म्हणून खाल्लं. म्हणजे यात भुताखेताचं काही नाही. यायचं नसेल तर हे कारण तुमच्या हातात देऊन ठेवतो.

ता.क. दुसरा : गप्प का झालो, ते तिला सांगितलं नाही. शालन दवाखान्यात होती तेव्हा शेवटच्या मंगळवारी तुमचा फोन आला होता. 'ताईला द्या की' म्हणालात. मी म्हटलं, ती नको म्हणतेय. ती तसं काही म्हणाली नव्हती, चिमाजीराव. जागी होती, माझ्याकडेच बघत होती. 'कुणाचा व्हता?' म्हणाली. मी म्हटलं, राँग नंबर. 'बरं' म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. तुम्ही या, आणि मला काय बोलायचं ते तिच्यादेखत बोला.