पोट साफ होण्याचं औषध

बाबा,

आज सकाळी दुकानात एक जण जुलाबाच्या सिरपची बाटली मागायला आला. कोणासाठी, वय काय, पोट दुखतं का, उलटी झाली का, किडनीचा त्रास आहे का, माणूस झोपूनच असतो का, असं मी विचारत सुटले तसा तो वैतागला. "ताई, जुलाबाचं औषध मांगून राह्यलो, पोरगी नाही मांगून राह्यलो," म्हणाला. मी इतकी हसले की मागची गिऱ्हाइकंही हसायला लागली. म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला आहे, हे मग हळूच निघालं. त्याला बाटली दिली नाही, डॉक्टरकडे पाठवलं. आडव्या माणसाला हे पाजलं तर त्यातलं तेल घशातून फुफ्फुसात उतरू शकतं, हे मला तुम्हीच पहिल्यांदा सांगितलं होतं.

तुम्ही जन्मभर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. मिक्स्चरच्या बाटलीवर कात्रीनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचात, म्हणजे अडाणी माणसालाही डोस कळावा. मी डिप्लोमा करून आले, घाटंजीत दुकान टाकलं आणि तुम्ही निवृत्त होऊन पायरीवर पेपर वाचत बसायला लागलात. सिरपमध्ये काय काय असतं ते मी परीक्षेत लिहिल्यासारखं म्हणून दाखवायचे: लिक्विड पॅराफिन, मिल्क ऑफ मॅग्नेशिया, सोडियम पिकोसल्फेट. तुम्ही म्हणायचात, "म्हंजे एक वंगण देते, एक पाणी ओढते अन् एक मागून हाकलते. बैलगाडीच आहे ते." वर पुस्ती जोडायचात की किडनी बिघडलेल्याच्या अंगात मॅग्नेशियम साचतं, आणि रोजची सवय लागली की आतडं आळशी होतं. मला राग यायचा. डिप्लोमा माझा आणि शहाणपण तुमचं, हे काही पटायचं नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. डॉक्टरकडे जायचं म्हणजे मजुरीचा दिवस बुडायचा, म्हणून लोक दुखणं घेऊन सरळ आपल्या काउंटरवर यायचे. त्यातून आपल्याकडची जुनी खोड अशी, की पोटात काहीही झालं तरी कोठा जड झाला म्हणायचं आणि जुलाब द्यायचा. आपल्या घरीही वेचणी सुरू व्हायच्या आधी आई सगळ्यांना चहातून एरंडेल पाजायचीच. चहा संपेपर्यंत ती समोरून हलायची नाही.

त्या बाजाराच्या दिवशी दुपारी दुकानात ही गर्दी. एक वेचणारी बाई आली, बोंडांनी बोटं ओरबाडलेली. "पोरीचा कोठा साफ होऊन नाही राह्यला, ते गुलाबी औषध द्या," म्हणाली. मी बाटली दिली, दोन चमचे सांगितले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. बस, एवढंच. पायरीवर तुम्ही पेपर खाली ठेवलात.

"कोणाले हे, माय?"

"पोरीले. कालपासून पोट दुखून राह्यलं तिचं, दोनदा उल्टी झाली. वेचणी अंगावर आहे, पोट साफ झालं म्हंजे उद्या उभी राहीन."

"कुठं दुखते?"

तिनं स्वतःच्याच पोटाच्या उजव्या बाजूला, खाली हात ठेवला. तुम्ही तिच्या हातातून बाटली काढूनच घेतलीत. "हे पाजू नको. आंत फुटलं तं पोरगी हातची जाईन." पोरगी समोरच्या कडुलिंबाखाली पाय पोटाशी घेऊन पडली होती. तुम्ही एक जीप थांबवलीत, दोघींना बसवलंत आणि स्वतःही यवतमाळपर्यंत गेलात. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं.

परत आल्यावर तुम्ही ओरडला नाहीत. हात धुताधुता फक्त विचारलंत, "तू विचारलं होतं का तिले, दुखते का म्हणून?" माझ्या लायसन्सला तुम्हीच हौसेनं फ्रेम केली होती, ती तुमच्या डोक्यावर भिंतीला होती. मी म्हटलं, "विचारलं होतं, बाबा. ती नाही म्हणाली." तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला ते खरं वाटलं याचं मला बरंच वाटलं, आणि त्याची लाजही तेव्हाच वाटली.

महिन्याभरानं ती बाई वानोळा म्हणून तुरीच्या शेंगा घेऊन आली. शेजारी तिची पोरगी हसत उभी. तुम्ही प्रेमानंच तिला दटावलंत, "दवाईवाल्यापासून दुखणं लपवत नसतात, बाई." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गोळ्यांची पाकिटं उगाच लावत बसले होते. "चुकलं, बापा," ती तुम्हाला म्हणाली आणि शेंगा काउंटरवर ठेवून गेली.

तुम्ही गेलात त्याला आता कितीतरी वर्षं झाली. दुकान बरं चाललंय, मीही मजेत आहे. ती पोरगी आता दोन लेकरांची आई आहे, येता-जाता डोकावते. गेल्या उन्हाळ्यात तिच्यासोबत तिची म्हातारी आईही आली होती, तेव्हा मी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं बोलून टाकलं. म्हटलं, "माय, शेंगा आणल्या त्या दिवशी तुम्ही माझं खोटं काहून ऐकून घेतलं?" म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "तुमच्या बाबायनं माही पोरगी वाचवली होती. मंग मी त्यायची पोरगी त्यायच्या नजरेतून कायले उतरवू?"

त्यानंतर बरेच दिवस हे तुम्हाला सांगायचं मनात घोळत होतं. आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर लिहून काढलं. आता फाडून टाकीन. बाबा, तुम्ही पायरीवर बसलेले असतात तर हे तुमच्या हातात द्यायची हिंमत मला आजही झाली नसती.