निजव तिले

प्रिय आत्याबाई,

आज तुमची नात सुशी शाळेत गेली, म्हणून लिहून राह्यली. शाळा उघडली त्याच दिवशी गेली! दरवर्षी मृगाआधीच कापूस वेचल्यावर चुलीसाठी उपटून आणलेली आपली पऱ्हाटी सरे, अन् पोरगी शाळा सोडून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं जळण वेचत फिरे. यंदा पऱ्हाटीचा ढीग अजून कुडाले टेकून उभा आहे. पाहाले तुम्ही पाहिजे होत्या.

तुम्ही चुलीले पाहुण्यासारखा आग्रह करायच्या. घे अजून, घे अजून! जाळ भांड्याबाहेर जाई. स्वयंपाक झाला तरी काड्या जळतच राहायच्या, कारण चुलीत पाणी टाकायचं नाई, लक्ष्मी आहे ती. वर भांडं नाई अन् चूल आपली जेवत बसलेली.

आठवते, देवळीहून ग्रामसेविकाबाई आल्या होत्या? डाळ भिजत घाला, वरणावर झाकण ठेवा, काम झालं की जळण पाण्यानं विझवा, असं सांगत होत्या. झाकण तुमाले पटलं. विझवा म्हटल्यावर मात्र अशा उखडल्या, की बाई चहा न घेताच गेल्या. मले किती लाज वाटली! मीही मग गाल फुगवून बसली.

पुढं सुशीचं नाव कटायची पाळी आली. मास्तर घरी येऊन सांगून गेले. पोरगी दारात रडत बसली. तुम्ही उठून चुलीपुढं बसल्या. भाकरी झाल्यावर जळती पऱ्हाटी ओढली, तिचं तोंड राखेत खुपसलं अन् मले म्हणाल्या, "विझवू नोको, बाई. निजव तिले."

झालं! तेवढ्या शब्दानं तुमची लक्ष्मीही राह्यली अन् पऱ्हाटीही. आता शेजारच्या बायाही संध्याकाळी विचारतात, निजवली का?

पण जायची एवढी घाई काऊन केली, आत्याबाई? दवाखान्यात वर्ध्याले चला म्हटलं, तर खोकला दाबून हसायच्या. त्याचा मले अजून राग आहे.

तुम्ही गेल्यावर चूल बंद होती. पुन्हा पेटवाले बसली, तर राखेत तुमच्या हातची एक अर्धी काडी निजलेली सापडली. खूप रडली मी. मग त्याच काडीनं चूल पेटवली. लगेच पेटली.

सुशीची शाळा मी तुटू देणार नाई. तुमाले शब्द देते.

तुमची सून,
शांता