दुधाच्या बाटलीतली वात

बाबा,

छोटीला घेऊन कोपऱ्यावरच्या मुलांच्या दवाखान्यात धावतेय. तुमचा फोन घरातच वाजतोय, म्हणून ही चिठ्ठी दाराला.

कुंडीला वातीने पाणी द्यायला तुम्ही छोटीची जुनी दुधाची बाटली घेतलीत. बूच सैल केलं की पाणी जास्त, घट्ट केलं की कमी, हे दाखवलंत तेव्हा मीही कौतुकाने हसले. तिला मात्र ती आपलीच बाटली वाटली. रांगत गेली आणि वात चोखत बसली. सारख्या उलट्या झाल्या, आता अंग टाकून पडलीय.

पाणी हिरवट दिसतंय. त्यात काय मिसळलंय, हे डॉक्टरांनी फोनवर विचारलं आणि मला सांगता येईना. बाटली मी नेतेय. खताची पुडी, डबा, जे असेल ते घेऊन तसेच निघून या. ह्यांना कळवलंय, पण ते लांब आहेत.

बाबा, हल्ली तुम्ही विसरता, आणि काहीतरी सांगून वेळ मारून नेता. मी कधी बोलले नाही. आज आठवलं नाही, तर आठवत नाही असंच सांगा. अंदाजाने नाव घेऊ नका. डॉक्टर तुमच्या शब्दावर औषध देतील.

तुमची सून