डाव्या गालावर जरा सावकाश

ती. आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

वहिनी, वाचून दाखवताना मधलं गाळू नका.

आई, गेल्या वर्षी मला कांजिण्या झाल्या होत्या. आता ठणठणीत आहे. डॉक्टर ‘खाजवू नका’ म्हणाले. पण मी तुझं कधी ऐकलं नाही, त्यांचं काय ऐकणार? चेहऱ्यावर खड्डे राहिले, ते आता जायचे नाहीत. तू मला चंद्र म्हणायचीस. आता सकलंक झालो.

तुझे गुडघे कसे आहेत?

फोटोत दाढीनं सगळ्यांना फसवलं. पण दृष्टी गेल्यापासून तू माणसं बोटांनी पाहतेस. पुढच्या महिन्यात येतोय, तेव्हा डाव्या गालावरून हात जरा सावकाश फिरव. दुखत नाही, तू दचकू नयेस एवढंच.

तुला दिसत होतं आणि माझा चेहरा गुळगुळीत होता, तेव्हा यायला मला सवड झाली नाही.

तुझा धाकटा