आधी बूच पूस!

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठेंगूस,

अ. उ. आ. टक्कल पडलं, दोन मुलींचा बाप झालास, तरी मी तुला ठेंगूच म्हणणार. रागावू नकोस.

ह्यांची तब्येत तशी बरी आहे. झटका येऊन गेल्यावर उजवा हात आखडला आहे, पण काठी न घेता चालतात. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. गाड्यांच्या घोषणा करताना ज्यांच्या आवाजावर सगळं स्टेशन या फलाटावरून त्या फलाटावर पळायचं, ते आता 'हूं' आणि 'नाही' एवढ्यावर आलेत. बोलायला शिकवणारी बाई येते, चित्रं दाखवते. कप, चावी, मांजर. हे भिंतीकडे तोंड करतात. बाई म्हणते, शब्द आत आहेत, पण त्यांना बाहेर यावंसं वाटलं पाहिजे. वाटावं कसं, ते मात्र तिला सांगता येत नाही.

आता माझी अडचण ऐक. आजारी पडायच्या आधी ह्यांनी जिन्याखालच्या कपाटात दोन मोठ्या बरण्या घातल्या होत्या, एक मधाच्या वाईनची, एक द्राक्षाच्या वाईनची. फेस थांबलाय, दोन्ही आरशासारख्या निवळल्यात. आता बाटल्यांत भरून, बूच ठोकून, वर मेणाचं टोपण चढवायचं. आजवर हे सगळं ह्यांचं राज्य. मला कपाटापाशी फिरकायची बंदी! परवा विचारलं, तर 'ओतून टाक' अशी खूण केली. मी कसली ओततेय! पण मेणाचं मला काही कळत नाही. तू जन्मभर मेणबत्त्या केल्यास, तूच सांग.

मुलींना पापे. तुझ्या बायकोला म्हणावं, तुझ्या पत्रातल्या थापा तिने आधी तपासाव्यात.

तुझी,
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मोठ्याने वाचलं. थापांच्या ओळीवर घरात टाळ्या पडल्या.

लाल मेण पार्सलने पाठवतोय. माझ्या कारखान्यातलं, एक नंबर. पातेल्यात पाणी तापव, त्यात डबा ठेव, डब्यात मेण. थेट गॅसवर ठेवू नकोस, पेट घेईल. बाटली उलटी धरून मान बुडव, वर काढ, गोल फिरव म्हणजे ओघळ येत नाहीत, आणि लगेच गार पाण्यात. झालं! लहान मूलही करील. तुझं सांगता येत नाही.

भावोजींना तिथेच स्वयंपाकघरात खुर्ची दे. काही करायला सांगू नकोस. मधाचा आणि मेणाचा वास तरी घेतील.

मी इथे उंटावरून शेळ्या हाकतोय, हे ठाऊक आहे. पण हंगाम चालू आहे, दुकान सोडता येत नाही. जीव तुमच्यापाशी आहे.

तुझा पाठीराखा,
ठेंगू


ता. २१ फेब्रुवारी

चि. ठेंगूस,

अ. उ. आ. आधी बसून घे, मग वाच.

तू सांगितलंस तसं सगळं मांडलं. हे खुर्चीत, हनुवटी छातीला टेकलेली. पहिली बाटली बुडवली, तर मेण काचेवरून घसरून माझ्या चपलेवर. दुसरीवर छान बसलं, पण गार झाल्यावर बोट लावलं मात्र, अंड्याच्या टरफलासारखं तडकलं. फरशी अशी लाल झाली की शेजारीण दारातूनच ओरडून परत गेली. तिसरी बाटली नुकतीच भरलेली, बूच ओलं, मानेवरून वाईन ठिबकतेय. तशीच डब्याकडे नेली आणि मागून टेबलावर हात आपटला. 'पूस!'

मला वाटलं, शेजारीण परत आली. वळून बघते तर हे कानापर्यंत लाल. पुन्हा म्हणाले, 'पूस! बूच! आधी बूच पूस, बावळट!'

ठेंगू, इतक्या वर्षांच्या संसारात 'बावळट' शब्द मला इतका गोड कधी लागला नव्हता. बाटली घेऊन मी खालीच बसले, हसू की रडू ते कळेना. त्यांना वाटलं, मला चटका बसला. उठून आले, माझं नाव घ्यायला गेले. ते निघेना. ओठ नुसतेच हलले. मग म्हणाले, 'भाजलं?'

दुसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. मुद्दाम बाटली तिरपी धरली, तेव्हा 'सरळ!' आलं. पातेल्यातलं पाणी उतू जाऊ दिलं, तेव्हा 'गॅस! गॅस कमी!' नंतर मात्र डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'नाटक.' चोरी पकडली गेली! बाईने आपली चित्रं पिशवीत घातली आणि ती आता बाटली हातात घेऊन शिकवते.

पण मला एक सांग. मेणात जन्म काढलास, आणि नुसतं मेण काचेवर तडकतं, हे तुला माहीत नव्हतं? की तू हे मुद्दाम केलंस? खरं सांग, थोरली बहीण विचारतेय.

तुझी बावळट,
ताई


ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचताना मी दुकानातच उभा होतो. गिऱ्हाईक म्हणालं, काही वाईट बातमी आहे का? मी त्याला एक मेणबत्ती फुकट दिली.

मुद्दाम केलं, असं सांगून मोठेपणा घ्यायचा मोह फार झाला. पण बायको मागे उभी राहून वाचतेय. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं गं! मेणबत्ती जळते, तिला काचेला धरून बसायचं काम कुणी सांगत नाही. चौकशी केली, तेव्हा कळलं, मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण घ्यायचं आणि त्यात थोडी राळ मिसळायची. राळेने मेण चिवट होतं आणि काच सोडत नाही. दोन्ही पाठवतोय. माझ्या अज्ञानाचा एवढा उपयोग आजवर कुणालाच झाला नसेल.

भावोजींना म्हणावं, दोन शिव्या माझ्याही नावाने राखून ठेवा.

तुझा अडाणी,
ठेंगू


ता. १२ मार्च

चि. ठेंगू,

आशीर्वाद. डाव्या हाताने, एकेक शब्द शोधत लिहितो आहे. अक्षराला हसू नये.

राळ मिळाली. मेण छान बसलं. मी फिरवतो, तुझी ताई ओतते आणि बोलते. बोलतेच. सगळ्या बाटल्या झाल्या. तुझ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. मुलींना देऊ नकोस.

बाटल्या ओतून टाक म्हणालो होतो. तेव्हा मला स्वतःलाच ओतून टाकावंसं वाटत होतं. तिने ऐकलं नाही. ती कधीच ऐकत नाही. बरं झालं.

तिचं नाव अजून अडतं. न्हाणीघरात नळ सोडून म्हणून बघतो. काल अर्धं आलं. तिला कळवू नकोस.

रविवारी फोन करीन. उचललास की गप्प राहा. वेळ लागेल. पहिला शब्द मी बोलणार.

तुझे,
भावोजी