त्रेचाळीस सासवा

४ मार्च २०२५, मंगळवार

पंधरा मिनिटं! छापून ठेवलंय चक्क!

२००७ साली एका संस्थेने भांडुपच्या आमच्या टेकडीवर सर्व्हे केला होता. एकशेवीस घरं. निष्कर्ष — पाणी भरायला रोज सरासरी पंधरा ते वीस मिनिटं. मी महिनाभर त्याच टेकडीवर दारोदार फिरतेय, प्रबंधासाठी ऐंशी घरांचे फॉर्म भरले. एकही बाई तासाच्या खाली बोलली नाही. बहुतेकींचे दोन तास जातात.

सुंदराबाईंना वाचून दाखवलं. तीस वर्षं वर राहतात त्या. हसायलाच लागल्या. "पंधरा मिन्टं? कोनाच्या घरी गं? मला त्या घरात सून म्हनून धाड." मग हसू थांबलं. त्यांची सून २०११ मध्ये हंड्यासकट पायऱ्यांवरून पडली, अजून कंबर धरून चालते. "आमच्याकडं कोन आलंच न्हाई विचारायला," म्हणाल्या.

आणि याच रिपोर्टवरून नळाची लाईन टेकडी सोडून दुसऱ्या वस्तीला गेली. इथे पाण्याचा त्रासच नाही असं कागदावर सिद्ध झालं होतं ना!

६ मार्च

अनुपमा मॅडमना, म्हणजे माझ्या गाईडना, दोन्ही आकडे दाखवले. "तू स्वतः विचारून आणलंस तो प्रायमरी डेटा. दुसऱ्याने आणलेला तो सेकंडरी. दोघांत एवढा फरक? मूळ फॉर्म शोध. कुणी भरले ते बघ."

सतरा तारखेला, सोमवारी, वॉर्डात पाण्याची बैठक आहे. टेकडीवरच्या बायकांकडे पुरावा म्हणून दुसरं काही नाही, माझे ऐंशी फॉर्मच आहेत. 

१० मार्च

संस्थेचं ऑफिस आता घाटकोपरला आहे. जुन्या फॉर्मचे गठ्ठे कपाटाच्या तळाशी, वाळवीने कुरतडलेले. तिथल्या देवदत्तकाकांनी काढून दिले. "बघ बाई, पण परत बांधून ठेव."

दुपारपर्यंत बघत बसले. त्रेचाळीस फॉर्म एकाच अक्षरात. आणि त्या सगळ्या घरांत पाणी कोण भरतं? सासू! नळ दाराबाहेर. दोन हंडे, एक निळं पिंप. पंधरा मिनिटं. सुंदराबाईंच्या नावाचाही फॉर्म सापडला. त्यांच्या सासूने तर मुंबईत पाऊलही ठेवलं नाही, गावीच वारली!

टेकडीवर पाणी सुना भरतात, पोरी भरतात. त्रेचाळीस सासवा आल्या कुठून?

फॉर्मच्या तळाशी माहिती घेणाऱ्याची सही होती. वाचली. परत वाचली. 

नीला अंबादास तांबे.

माझी आई.

११ मार्च

घरात वावरतेय, तिच्या हातचं जेवतेय. विचारलेलं नाही अजून.

१२ मार्च

विचारलं शेवटी. आई मेथी निवडत होती. नाकारलं नाही तिने. तेच जास्त लागलं. मला वाटलं होतं, म्हणेल ही सही माझी नव्हेच.

"तुझ्या भावाच्या, चैतन्यच्या वेळी सातवा लागला होता मला. खालची घरं केली मी, सगळी केली. वर चढवत नव्हतं. संस्थेचे साहेब म्हणाले, शनिवारी फॉर्म पाहिजेतच. घरांची यादी होती, नावं तिच्यावरून घातली. बाकीचं ओट्याशी बसून लिहिलं."

"काय लिहिलंस पण?"

"आपलंच घर, इथलं पायथ्याचं. तुझी आजी पाणी भरायची ना तेव्हा. वर कसं असतं, मला काय ठाऊक?"

मी ओरडले. नको ते बोलले. लाज नाही वाटली का तुला, असं आईला म्हणाले मी! सुंदराबाईंच्या सुनेची कंबर तुझ्यामुळे गेली म्हणाले.  मेथीची जुडी आईच्या हातात तशीच.

अठरा वर्षं त्या बायका आमच्या घरच्या पंधरा मिनिटांची शिक्षा भोगतायत. 

१४ मार्च

मॅडमना फोनवर सांगितलं.  म्हणाल्या, "जुना रिपोर्ट खोटा आहे म्हणायचं, तर कुणी खोटा केला तेही सांगावं लागेल, शीतल."

आईला कसं सांगायचं या विचाराने मुलुंडपर्यंत जाऊन उगाच परत आले. सांगितलं. ती म्हणाली, "घाल माझं नाव. मीच येते सोमवारी. त्या बायकांसमोर मीच बोलते."

इतका राग होता मला तिचा. आहे अजून. पण ती हे बोलली तेव्हा रडू आलं, आणि ते मी तिला दिसू दिलं नाही.

१५ मार्च

सुंदराबाईंचा फोन. चाळीस बायका येणार म्हणतात! "तुज्या कागदावर सगळं हाय बघ आमचं. फाईल नीट ठेव."

१६ मार्च, रविवार

उद्या काय बोलायचं ते कळायला हवं म्हणून आईने माझे फॉर्म मागितले. चष्मा लावून सकाळपासून वाचत होती. जेवणं झाल्यावर त्यातले अकरा तिने वेगळे काढून माझ्यापुढे ठेवले.

"यांत एक पण खाडाखोड नाही," म्हणाली. "खरी बाई आधी दीड तास म्हणते, मग शेजारीण मधेच बोलते, अगं अडीच. मग आपण खोडतो. माझ्या त्रेचाळीस फॉर्मांत पण खाडाखोड नव्हती."

ती अकरा घरं टेकडीच्या अगदी वरच्या ओळीतली. त्या दिवशी ऊन फार होतं, पाय उचलत नव्हते. या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं मी ते.

"शीतल, ही घरं केलीस का तू?"

नाही केली.